अडतीस कशात?

भंगाराच्या फाटकावर बसणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साचतात. कुणी मुद्दाम आणून टाकत नाही आणि कुणी उचलूनही नेत नाही.

जालन्याच्या एमआयडीसीत सळया बनवणाऱ्या एका कारखान्यात माझं काम एवढंच, की भंगाराची गाडी आली की मीटर फिरवून बघायचं, तिच्यात किरणोत्सर्गी काही नाही ना. अकरा वर्षं झाली. गाड्यांचा कंटाळा आला नाही, एककांचा आला. जुनं मीटर मिलिरोंटजेनमध्ये आकडा देतं, नवं मायक्रोसिव्हर्टमध्ये. एक मिलिरोंटजेन म्हणजे ढोबळमानानं दहा मायक्रोसिव्हर्ट. तसा कागद भिंतीवर लावलाय, वाचत कुणी नाही. आणि आकडा दहापट चुकला तर एखाद्याची गाडी उगाच परत जाते, नाहीतर एखाद्याच्या जिवावर बेततं.

*

नवं मीटर आलं त्या दिवसाची गोष्ट. फाटकाजवळ, एकाच जागी, जुन्यावर आलं ०.०१ आणि नव्यावर ०.१. मॅनेजर धावत आले. रेडिएशन दहापट वाढलं म्हणाले!

मी अर्धा तास समजावलं. वाढलं काही नाही, मोजायचं माप बदललं. त्यांनी मान डोलावली, चहा पाजला, आणि संध्याकाळी निरोप पाठवला, "जुनंच वापरा. ते कमी दाखवतं."

*

आमच्या यार्डात सलीमभाई भंगार निवडतात. वीस वर्षांत नजर अशी तयार झालीय, की ढिगात हात न घालता बिडाचा तुकडा कुठला ते सांगतात. मला मास्तर म्हणतात, कारण मी सारखा शिकवत असतो.

त्यांना मी तोळ्याचं उदाहरण दिलं. ते लगेच म्हणाले, "म्हंजे एक तोळा म्हना नाहीतर धा गिराम म्हना, बांगडी तीच." अकरा वर्षांत मला मिळालेला हा एकमेव हुशार विद्यार्थी. हुरूप येऊन मी पुढं सांगायला गेलो, की जुना तोळा अकरा ग्रॅमच्या वर असायचा आणि रोंटजेनचंही अगदी नेमकं दहा होत नाही.

"ते नका सांगू मास्तर. आत्ताच कुठं डोक्यात बसलंय."

मॅनेजरांनाही तोळा सांगून पाहिला. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मग यात घट किती धरायची?"

*

नोंदवहीत क्लार्कनं तीन महिने नव्या मीटरचे आकडे जुन्या एककाच्या रकान्यात भरले. तपासणीला आलेल्या साहेबांनी वही उघडली आणि विचारलं, तुम्ही लोक इथं बसून डबे खाता? मी म्हटलं, साहेब, आकडे बरोबर आहेत, फक्त रकान्याचं नाव चुकलंय. ते म्हणाले, जेवून येतो, तोवर दुरुस्त करा.

क्लार्कनं रकान्याचं नाव बदललं. शिवाय प्रत्येक आकड्याला दहानं भागलं. दोन्ही दुरुस्त केलं म्हणाला.

वही इतकी नीटनेटकी दिसत होती, की साहेबांनी सही करून टाकली. कागदोपत्री आमचं यार्ड त्या तीन महिन्यांत देवळाच्या गाभाऱ्यापेक्षा शुद्ध होतं.

*

वडीगोद्रीकडून आलेल्या एका गाडीवर फाटकात मीटर वाजलं. दुपारभर भंगार उतरवलं, एकेक पत्रा तपासला, काही नाही. रिकामी गाडी परत लावली, तरी वाजली. शेवटी सलीमभाईंच्या लक्षात आलं, की ड्रायव्हर चहाला गेला की मीटर गप्प बसतं.

ड्रायव्हरला आदल्या दिवशी दवाखान्यात स्कॅनसाठी किरणोत्सर्गी औषधाची सुई दिली होती. हे सांगायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या कागदावर औषधाचा आकडा होता मिलिक्युरीत. मॅनेजर म्हणाले, याचे मायक्रोसिव्हर्ट करून द्या. मी म्हटलं, ते असं होत नाही. शेगडीत कोळसा किती ते वेगळं, आणि हाताला चटका किती ते वेगळं.

"पण मिली तर आहे ना?" मॅनेजर म्हणाले.

*

आता जो मी टपरीवर सांगत नाही तो किस्सा.

मागच्या उन्हाळ्यात एका गाडीत खरंच सापडलं. मुठीएवढा, भलताच जड तुकडा, कुठल्यातरी जुन्या यंत्रातला. मी ओरडेपर्यंत सलीमभाईंनी तो हातमोज्यानं उचलून बाजूला ठेवला होता. मी मीटर धरलं, अडतीस आलं, ते वजनकाट्याच्या चिठ्ठीमागं लिहिलं. आम्ही दोघांनी त्याच्यावर रेती टाकली, दोरी बांधली. यात वीसेक मिनिटं गेली. पुढं सरकारी माणसं येऊन तो तुकडा पेटीत घालून घेऊन गेली.

रिपोर्ट लिहायला बसलो आणि चिठ्ठी काढली. नुसतं ३८. टेबलावर दोन्ही मीटरं. घाईत कुठलं उचललं होतं ते आठवेना. एकक लिहा, एकक लिहा म्हणून अकरा वर्षं सगळ्यांचं डोकं खाणारा मी. मला लाज वाटली, अजून वाटते.

सलीमभाईंना खरं ते सांगितलं. कमी धरा नाहीतर दहापट, जास्तीत जास्त छातीचे दोन-चार एक्स-रे. आणि बाहेरून लागलेली किरणं आपल्या अंगातून दुसऱ्याला लागत नाहीत. पण ड्रायव्हरचं अंग वाजताना त्यांनी स्वतः पाहिलं होतं. घरी तीन महिन्यांची नात होती. त्या दिवसापासून त्यांनी तिला उचललं नाही.

"तुमचं समदं बराबर असंल मास्तर," ते म्हणाले. "पन किती ते तुम्हालाच ठाऊक न्हाई ना."

अंगाला किरणं किती लागली ते मोजणारा त्यांच्या छातीवरचा बिल्ला तपासायला पाठवला. दीड महिना ते घरात नातीपासून लांब बसत होते आणि मी रोज टपाल बघत होतो. शेवटी कागद आला. नोंदण्याजोगं काही नाही. मी लगेच फोन केला.

दुसऱ्या दिवशी त्यांची सुट्टी होती. सुनेला आणि नातीला घेऊन लस द्यायला निघाले होते, रिक्षा फाटकावर थांबवली. मी कागद मोठ्यानं वाचून दाखवला. म्हटलं, आता उचला तिला.

"आधी तुम्ही घ्या," सलीमभाई म्हणाले. "तुम्ही बी तिथंच उभे होते."

सुनेनं पोर पुढं केली. मी हात पुढं केले. मग एक मिनिट म्हणालो आणि नळावर जाऊन हात धुतले. साबणानं, दोनदा.

परत आलो तेव्हा सून पोरीला घेऊन रिक्षात मागं बसली होती, आणि तिथं जागा असूनही सलीमभाई पुढं, रिक्षावाल्याच्या शेजारी.