तिळाएवढे आयकॉन

तुम्ही शेवटचं कुणाला ‘म्हातारा झाला’ म्हणालात? आणि म्हणण्याआधी त्याच्या खुर्चीत एकदा बसून पाहिलं होतं का?

मी बसले नव्हते.

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी कामगार संघटनेची पत्रकं आली. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. ती सगळी आर्णीच्या एकाच दुकानात छपाईसाठी कंपोज व्हायची आणि करणारे काकाही एकच. पुढं मी स्वतः पत्रकं लिहू लागले, तेव्हाही खुर्चीत तेच. त्यांचा जुना मॉनिटर बंद पडला तेव्हा आम्ही कार्यकर्त्यांनी मिळून नवा घेऊन दिला. मोठा, अतिशय बारीक ठिपक्यांचा. चित्र इतकं स्वच्छ, की आम्हीच बघत उभे राहिलो.

कंपोजिंगचं सॉफ्टवेअर मात्र जुनंच होतं. नव्या स्क्रीनवर त्याचे आयकॉन तिळाएवढे झाले. रेघ कोणती, चौकट कोणती, पुसायचं कोणतं, कळेना. छपाईचे ठिपके तपासायचं भिंग काका स्क्रीनला लावू लागले. तासाभराच्या पत्रकाला अर्धा दिवस जाऊ लागला. एकदा चौकट टाकायला गेले आणि अख्खा मजकूर पुसला गेला.

मी सगळ्यांसमोर म्हणाले, “काका, कापसातली अळी शोधून राह्यले का?”

सगळे हसले. काकाही हसले, जरा उशिरा.

त्या दिवशीचं पत्रक कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यातल्या कामगारांसाठी होतं. माझंच वाक्य मोठ्या अक्षरात: यंत्रानं माणसाच्या मापाचं व्हावं, माणसानं यंत्राच्या नव्हे. ते जुळवताना काका थांबले. नाक स्क्रीनला टेकलेलं. तसेच म्हणाले, “हे खरं हाय का, माय?”

मला वाटलं, काकांचा चळवळीवरचा विश्वास डळमळला. मी उभ्या उभ्या त्यांना व्याख्यान दिलं. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा भिंग उचललं.

महिन्याभरात बैठकीत ठरलं, पत्रकं यापुढं पुसदला द्यायची. काका आता म्हातारे झाले, असं कुणीतरी म्हणालं. कुणीतरी कशाला, मीच म्हणाले.

पुसदच्या दुकानात तेच जुनं सॉफ्टवेअर होतं, स्क्रीनही तसाच. पण आयकॉन चांगले बोराएवढे. मी विचारलं, तर ऑपरेटर ताईंनी काम न थांबवता सांगितलं: सॉफ्टवेअरच्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी आणि तिथं डीपीआयच्या, म्हणजे ठिपक्यांच्या दाटीच्या, सेटिंगमध्ये आकार सिस्टिमवर सोडायचा. कडा थोड्या धूसर होतात, एवढंच.

परतताना आर्णीला उतरले. काका झेरॉक्स काढत होते. कॉम्प्युटरवर कापड टाकलेलं. मी त्यांच्या खुर्चीत बसून सेटिंग बदललं. पाच मिनिटंही लागली नाहीत. काका माझ्या पाठीमागं ताठ उभे होते. तिथूनच त्यांनी एकेक आयकॉन नावानिशी ओळखला. मग म्हणाले, “इतकंच होतं, तं तवाच काहून नाही केलं?”

मला माहीत नव्हतं, असं सांगता आलं असतं. पण मी विचारलंच कुठं होतं?

आता पत्रकं पुन्हा त्यांच्याकडे नेते. ते करून देतात, अगदी वेळेत. मजकुराविषयी मात्र काही विचारत नाहीत.

तुमच्या ऑफिसात, दुकानात, घरी कुणी स्क्रीनला नाक लावून बसत असेल, तर आजच त्यांच्या खुर्चीत बसा. काय दिसत नाही ते त्यांनाच विचारा आणि उठण्याआधी ते सेटिंग बदलून द्या.