मोहिते मिसची मतपेटी

“सगळ्यांचं एकमत आहे,” असं कोणी म्हटलं, की निघायला उठलेल्या मोहिते मिस पुन्हा खुर्चीत बसायच्या. मग ती स्टाफरूम असो, वर्ग असो, नाहीतर आमच्या मराठी मंडळाची बैठक. “हौदा? असं का?” त्या विचारायच्या. “मग मला कुणी विचारलं नाही ते?” प्रत्येकाला वेगवेगळं विचारून झाल्याशिवाय त्या हलत नसत. पुष्कळांना त्यांचा वैताग येई. त्याचं त्यांना काही वाटत नसे.

म्हैसूरच्या आमच्या कॉलेजात त्या राज्यशास्त्र शिकवायच्या आणि नजरबादला एकट्याच राहायच्या. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. “पणजोबांनी तलवार चालवली, मी जीभ चालवते,” असं त्या म्हणत, आणि ते खरंच होतं. त्यांची मराठी आमच्या घरच्यासारखीच, कन्नडमध्ये भिजलेली. आवाज असा, की सभागृहात माईक बंद पडला तर कुणाच्या लक्षातही येत नसे.

दरवर्षी मिस कॉलेजात जगाची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची, आमसभा भरवत. प्रत्येक विद्यार्थी एकेक देश व्हायचा आणि सुरक्षा परिषदेच्या फिरत्या जागांसाठी निवडणूक व्हायची. “पाच जण तिथे कायमचे बसलेत, त्यांना कुणी उठवू शकत नाही,” मिस सांगत. “उरलेल्या जागा दोन-दोन वर्षांच्या. त्या तरी नीट निवडा. सुम्ने, उगीच कुणाचं तोंड बघून मत द्यायचं नाही.” नियम खऱ्या आमसभेचेच असत. मतदान गुप्त, आणि कुणाला तरी दोन-तृतीयांश मतं मिळेपर्यंत फेऱ्या चालू.

माझ्या वर्षी मी एक चिमुकला बेटदेश होते. नकाशावर बोट ठेवलं की दिसेनासा होणारा. मी उभी होते त्याच जागेसाठी समोर होता नवीन नावाचा वर्गमित्र, एका भल्या मोठ्या देशाचा प्रतिनिधी आणि आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा मुलगा. फेरीमागून फेरी झाली. त्याची मतं जास्त, पण दोन-तृतीयांश काही होईनात. पाहुणे म्हणून आलेले एक मोठे अधिकारी व्यासपीठावर घड्याळ बघत होते.

शेवटी प्रिन्सिपॉल माझ्याजवळ आले. “माघार घेऊन टाक, अम्मा,” ते हळूच म्हणाले. “पाहुण्यांना गाडी गाठायची आहे. खेळच तर आहे.” मग जाता जाता विचारावं तसं म्हणाले, “वडील बरे आहेत ना ऑफिसात?” माझे बाबा त्याच संस्थेच्या ऑफिसात कारकून होते. मी उठले.

“थांब गं,” मिस व्यासपीठावरून म्हणाल्या. “माघार घ्यायचा तुला हक्क आहे. तू घेतलीस तर मी तुला नावं ठेवणार नाही. पण ती तुझ्या मनानं घे. सरांच्या मनानं नको.”

“माझा देश माघार घेत नाही,” मी म्हणाले. तो आवाज माझा आहे हे मलाच पटेना.

प्रिन्सिपॉल लालबुंद झाले. पाहुण्यांना घेऊन ते निघून गेले आणि जाताना सभागृहाला कुलूप लावायला शिपायाला सांगून गेले. मिसनी वाद घातला नाही. त्यांनी टेबलावरची मतपेटी उचलून काखेत मारली, पदर खोचला आणि त्या मैदानातल्या पिंपळाखाली जाऊन उभ्या राहिल्या. “सभा इथे चालू आहे,” त्यांनी पुकारा केला. त्यांच्या मागोमाग पहिला कोण आला असेल, तर नवीन. स्वतःची खुर्ची डोक्यावर घेऊन! हळूहळू बाकीचे देशही आले.

त्या फेरीत नवीन निवडून आला. मी हरले. मिसनी त्याचं नाव अशा खणखणीत आवाजात पुकारलं, जणू त्यालाच जिंकवायला त्या बाहेर आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉल सगळ्यांदेखत हसले. “शेवटी व्हायचं तेच झालं ना? मग एवढं तांडव कशाला?”

“निकाल तोच आला, सर,” मिस म्हणाल्या. “पण तो तुमचा नव्हता. ह्या मुलांचा होता.”

बाबांच्या नोकरीला कुणी हात लावला नाही. मिसच्या हातून मात्र आमसभा काढून घेतली. पुढच्या वर्षापासून जागांसाठी नावं स्टाफरूममध्येच ठरू लागली. मिसनी फळ्यावर सूचना लिहिली: ज्यांना मत द्यायचं असेल त्यांनी रविवारी माझ्या घरी यावं. प्रिन्सिपॉलनी ती पुसायला लावली, तर त्या वर्गावर्गात जाऊन तोंडी सांगून आल्या. नजरबादच्या त्या अंगणात मग वर्षानुवर्षं आमसभा भरली. निवृत्तीनंतरही भरली. इतर कॉलेजांची मुलंही येऊ लागली.

पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि मिसचा आवाज कायमचा गेला. त्या वर्षी सभा चालवायला त्यांनी मला बोलावलं. मी तोवर हेब्बाळच्या एका कंपनीत नोकरीला लागले होते. एका जागेसाठी एकच देश उभा होता. म्हटलं, इथे मतदान कसलं घ्यायचं? मी ‘बिनविरोध’ एवढाच शब्द उच्चारला आणि मिसनी माझं मनगट धरलं. पकड चांगलीच घट्ट होती. समोरच्या पाटीवर त्यांनी खडूनं लिहिलं, “एकटा असला तरी मत घ्यायचंच. नियम आहे.”

मत घेतलं. आणि मुलांनी त्या एकट्या उमेदवाराला पाडलं! निम्म्या चिठ्ठ्यांवर दुसऱ्याच देशांची नावं निघाली, दोन-तृतीयांश मतं झालीच नाहीत. उभा असलेला मुलगा गोंधळून इकडेतिकडे बघू लागला. “मिस, आता काय?” मी विचारलं.

मिस हसत होत्या. आवाज नव्हता, पण खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. पुढच्या सभेपर्यंत त्या राहिल्या नाहीत. मला त्या आठवतात त्या तशाच, अंगणातल्या वेताच्या खुर्चीत, हसता हसता दोन बोटं उंच धरून सगळ्यांना सांगणाऱ्या: दुसरी फेरी.