तोंडाच्या फोडांवरून पोटाची विचारपूस

डॉ. प्रभावतीताईंची आणि माझी पहिली भेट त्यांच्या सेनगावच्या दातांच्या दवाखान्यात झाली. दंतवैद्यकाची पदवी घेऊन मी नुकताच परतलो होतो आणि त्यांच्या हाताखाली काम करायला आलो होतो. "हात शिकतील हळूहळू. आधी पेशंटचं ऐकायला शिका," असे त्या म्हणाल्या. तेव्हा मला ते फारसे पटले नव्हते.

पटले ते कवितामुळे. साखऱ्याजवळच्या तांड्यावरची ही लेक लग्न होऊन शहरात गेलेली. जिभेवर आणि गालांच्या आत फोड, घोटभर पाणीही झोंबायचे. सून चोरून तंबाखू खाते, या संशयावरून सासरच्यांनी दोन दिवसांपूर्वीच तिला माहेरी आणून सोडले होते. मीही दरडावून विचारले, "तंबाखू किती खाता?"

सोबतची आई रडवेली झाली. "न्हाई हो डॉक्टर, माझं लेकरू तसलं काई खात न्हाई."

शेजारच्या खोलीतून ताई आल्या. त्यांनी कविताचे तोंड पाहिले, खालच्या पापण्या ओढून त्यांची फिकट पडलेली आतली बाजू पाहिली.

"कविता, माहेरी राहिलीस तरी फोड येतात का गं?"

"न्हाई. इथं पंधरा-वीस दिवसांत जातात. तिकडं गेलं की परत येतात. म्हणून तर म्हणतात, सोंग करून राहिली."

"इथं काय खातेस?"

"ज्वारीची भाकर."

"आन् तिकडं?"

"पोळी. दोन्ही वेळ."

"पोट कसं असतं?"

"सारखं बिघडतं. पण ते दाताच्या डॉक्टरला काय सांगावं?"

ताईंना गव्हाची शंका आली. "तपासणी होईपर्यंत पोळी सोडू नको, नाहीतर दुखणं दिसायचं न्हाई," असे बजावून त्यांनी तिला नांदेडला पोटाच्या तज्ज्ञांकडे पाठवले. रक्ताच्या आणि आतड्याच्या तपासणीत शंका खरी ठरली. गव्हामुळे आतड्याला इजा होत होती. अन्नातले लोह अंगी लागत नव्हते आणि तोंड सोलून निघत होते.

अहवाल हाती येताच ताई मला म्हणाल्या, "आधी तुम्ही तिची माफी मागा." मी मागितली. पदवीने जे शिकवले नव्हते, ते त्या क्षणी शिकलो.

मग ताईंनी कविताच्या सासूबाईंना बोलावून घेतले.

"पोळीनं कुणाला तकलीफ होते व्हय?" सासूबाईंनी विचारले. ताईंनी न रागावता सगळे समजावून सांगितले, सुनेचे पीठ आणि तवा वेगळा ठेवायला सांगितला. सासूबाईंनी अहवालाची घडी करून तो पिशवीत ठेवला. मग सुनेचा हात धरून म्हणाल्या, "चल घरी. भाकर तर मलाबी आवडते."

काही महिन्यांनी कविता आली तेव्हा तोंड स्वच्छ होते. तिने ताईंना वाकून नमस्कार केला आणि पोटभर बोलली.

आज ताई पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या आहेत. बाकड्यावरचा शेवटचा रुग्ण गेल्याशिवाय त्या अजूनही जेवत नाहीत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभावे, ही आम्हा सर्वांची प्रार्थना; आणि ताई, आता तरी वेळेवर जेवत जा, ही तुमच्या शिष्याची हात जोडून विनंती.