धाकट्या सुनेच्या हातचा निवेद

आमच्या घरी येणारा कुठलाच पाहुणा सगळं बघायला येत नाही. ज्याला त्याला एकच काहीतरी पाहिजे असतं. डिंभे धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. घरातल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांसाठी मोकळ्या केल्या, तेव्हापासून मी हा प्रकार बघते आहे. एकजण आला तो नुसत्या बेडकांसाठी. भर पावसात आमच्या भाताच्या खाचरात वाकून उभा, आणि वर मलाच म्हणतो, मावशी, पाय जपून टाका. माझं खाचर आणि मीच पाय जपून टाकू! दुसरा लेण्याद्रीला गेला तो गणपतीच्या पाया पडायचं सोडून भिंतीवरची जुनी अक्षरं वाचत बसला. एका बाईंना भाताचं जुनं बियाणं हवं होतं. काहीजण तर नदीकाठची राख बाटलीत भरून न्यायला येतात. ती म्हणे फार लांबच्या ज्वालामुखीतून उडून आली. राखेसाठी एवढ्या लांब यायचं, आमच्या चुलीत काय कमी होती?

मी एकदा त्या बियाणंवाल्या बाईंना विचारलंच, तुमच्याकडं डोंगर नाहीत का, नद्या नाहीत का, इथं काय एवढं ठेवलंय? त्या हसल्या. म्हणाल्या, सकाळी तुमच्या इथं धुक्यात चहा घेतला, दुपारी जुन्नरच्या बाजारात एका मुसलमान घरातलं जेवण जेवले, संध्याकाळी सपाटीवर ऊस आणि द्राक्षं बघितली. माणसं वेगळी, देव वेगळे, माती वेगळी, आणि सगळं एका दिवसात. असं मला दुसरीकडं मिळत नाही. खरंच असेल. आम्ही त्यातच जन्म काढतो म्हणून आम्हाला नवल वाटत नाही. मला पाहुणे आवडायचेही. पण ज्याला एकच गोष्ट बघायची असते त्याला समोरचं माणूस दिसत नाही, हे मला एका फोटोवाल्यानं शिकवलं.

ते सांगायच्या आधी माझ्या जावेचं सांगायला हवं. माझ्या धाकट्या दिराची बायको. तिला घरात सगळे धाकटीच म्हणतात. तिचं माहेर खाली महाळुंगे पडवळच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात. लग्न होऊन आली तेव्हा डोंगरातला गारठा बघून रडली होती आणि मी तिला चिडवलं होतं की उसात वाढलेली पोर इथं विरघळती की काय. भांडलो आम्ही पुष्कळ. पण दोघींनी मिळून चुलीपुढं बसायचं आणि सगळ्या गावाची टिंगल करायची, यात आमचा हात कुणी धरू शकत नव्हतं. तिला एकच मुलगी. शाळेत नाव घालायचं तेवढं राहिलं होतं. धाकटी तिला घेऊन कांद्याच्या लागणीला माहेरी गेली होती, आणि तिथं घरामागच्या उसातून बिबट्यानं पोरीला नेलं. सापडली, पण जिवंत सापडली नाही.

जुन्नरचा एक ड्रायव्हर आमच्याकडं पाहुणे घेऊन येतो. मला भाभी म्हणतो, मी त्याला भाऊ म्हणते. त्याच्याच गाडीतून आम्ही खाली गेलो. तो मनुष्य दिवसभर गाडीत बडबड करणारा. त्या दिवशी सबंध रस्ता एक शब्द बोलला नाही, आणि परत येताना गाडी बाजूला घेऊन रडला. आम्ही सगळेच रडलो. धाकटी रडली नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. कामाला लागली. भांडी, भाकऱ्या, पाहुण्यांच्या चादरी. बोलायची कामापुरतं. दीर माझ्यापाशी येऊन म्हणायचा, "वहिनी, तिला रडवा कसंबी. आसं ऱ्हायली तर मरंल ती." मी काय करणार? मी भांडून बघितलं, जवळ घेऊन बघितलं. माझ्या मिठीत ती खांबासारखी उभी राहायची आणि मग म्हणायची, "आक्का, दूध उतू जाईल."

अशात तो फोटोवाला आला. मोठी लांब नळी लावलेला कॅमेरा, अंगात मातीच्या रंगाचे कपडे. सकाळी जेवायला बसला. धाकटी त्याला भाकरी वाढत होती. तो मला म्हणाला, "ताई, पक्षीबिक्षी मला नको. मला बिबट्या पाहिजे. इथं नक्की कुठं दिसतो?" माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मी तोंड उघडायच्या आत धाकटी बोलली. अगदी नीट, पाहुण्याला रस्ता सांगावा तशी. "इथं न्हाई दिसायचा. तुमी खाली महाळुंग्याकडं जावा. तिकडं उसात दिसतो." आणि त्याच्या पानात आणखी अर्धी भाकरी टाकली.

मी त्या माणसाला जेवणावरून उठवलं. होय, उठवलं. पाहुण्याला पानावरून उठवू नये हे मलाही कळतं, पण माझं डोकंच फिरलं. त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं, हे मला पुढं दोन दिवसांनी सुचलं. ड्रायव्हर भाऊनं त्याला गाडीत घातला आणि महाळुंग्याला न नेता सरळ जुन्नरच्या स्टँडवर सोडला. म्हणाला, "साहेब, बिबट्या बघायची गाडी आपली न्हाई."

आता वाघोबाचं. आमच्या गावाच्या वर, जंगल लागतं तिथं वाघोबा आहे. एक उभा दगड, त्यावर वाघ कोरलेला, चंद्र-सूर्य कोरलेले. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. त्या दिवशी गुराखी घरोघरचं दूध गोळा करतात, वाघोबापुढं खीर शिजते आणि गाव तिथं जेवतं. पण पहिला निवेद आमच्या घरचा, आणि तो घरातल्या धाकट्या सुनेनंच न्यायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा मी नेत होते. धाकटी आली आणि मान तिच्याकडं गेला. निवेद दाखवला की देवाच्या अंगावरचा शेंदूर गावातल्या सगळ्या लहान पोरांच्या कपाळाला लावायचा, तोही तिच्याच हातानं. शेंदूर लागलेल्या पोराच्या वाटेला वर्षभर वाघ जात नाही, असं आमच्याकडं मानतात. मीही मानत होते. माझ्या पोरांना तो शेंदूर लावूनच मी मोठं केलं.

पोरगी गेल्यानंतरच्या पहिल्या वाघबारशीला घरात दुखवटा होता, म्हणून भावकीतल्या एकीनं निवेद नेला. दुसरं वर्ष आलं आणि गावात कुजबुज सुरू झाली. धाकटी नेणार का? कुणी म्हणायचं, खालचा बिबट्या तो उसातला, आपल्या वाघोबाचा काय दोष. कुणी म्हणायचं, तिच्या पोरीला वाघानं नेलं, तिच्या हातचा निवेद देव कसा घेईल. हे ऐकून मी पाणवठ्यावर एकीची अशी खरडपट्टी काढली की ती आठवडाभर माझ्या दारावरून गेली नाही. पण मला स्वतःला कळत नव्हतं, धाकटीनं जावं असं मला वाटतंय की जाऊ नये असं. दिराला वाटत होतं तिनं जावं. देवापुढं तरी ती फुटेल, मोकळी होईल, एवढीच त्याची आशा होती. आणि मला भीती वाटत होती ती वेगळी. त्या दगडापुढं उभी राहून ही कोसळली आणि मग कधी उठलीच नाही तर?

त्याच आठवड्यात एक मुलगी राहायला आली. छप्पन्न प्रश्न विचारणारी. महाराष्ट्रभर फिरून वाघदेवांचे दगड बघते, एवढाच तिचा छंद. आमच्या वाघबारशीसाठीच आली होती. मी तिला पहिल्याच दिवशी ओट्यावर बसवून सगळं सांगितलं, पोरीचंही सांगितलं. म्हटलं, "बाई, तुला दगड बघायचाय तर दगड बघ. माझ्या जावेकडं कॅमेरा फिरवलास तर मी तो धरणात टाकीन." ती पांढरीफटक पडली. मग हळूच म्हणाली, "मी उद्या जाते परत." मला एकदम वाईट वाटलं. इतक्या लांबून पोर आलेली. म्हटलं, "राहा गं. जेव आता."

वाघबारशीच्या सकाळी मी चुलीवर दूध ठेवलं. धाकटी तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "धाकटे, काय करायचं ते तू सांग. कुणाचं ऐकू नको."

बराच वेळ ती तांदूळच निवडत राहिली. मग खाली मान घालून बोलायला लागली. "आक्का, तुमाला ठावं न्हाई. कुनालाच ठावं न्हाई. आई म्हनत व्हती, दिस बुडाया आलाय, पोरीला आत घे. ती वासरामागं पळत व्हती, हसत व्हती. मी म्हनलं, आसू दे गं आई. आमच्या घरला वाघोबाचा मान हाय. तिच्या कपाळाला मी माझ्या हातानं शेंदूर लावलाय. तिला वाघ काय करतोय." तांदळातला एक खडा तिनं बाजूला टाकला. "आई घाबरत व्हती. मी हसले तिला. आक्का, मी हसले."

आमच्या घरातलं कुणीही तेच म्हणालं असतं. मी म्हणाले असते. माझी पोरं संध्याकाळी जंगलाच्या कडेला खेळायची आणि मी इथं बसून निवांत भाकऱ्या थापायची, त्याच भरवशावर. फक्त माझी पोरं घरी आली. हे मी तिला सांगितलं. तिला त्याचा काय उपयोग झाला असेल कुणास ठाऊक. मी शेवटी डोळे पुसले आणि म्हटलं, "तू जाऊ नकोस. मी नेते निवेद. गावाला काय सांगायचं ते मी सांगते." तिनं निवडलेले तांदूळ माझ्यापुढं सरकवले.

मग मीच खिरीचं पातेलं डोक्यावर घेऊन वर गेले. सगळं गाव जमलं होतं. दीर खाली मान घालून एका कडेला उभा. म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले. एकानं विचारलंच, "सूनबाई, मान धाकटीचा हाय. ती कुठाय?" मी पातेलं उतरवत म्हटलं, "घरी हाय. आन् तिला कुनी बोलवायचं न्हाई." तो आणखी काही बोलणार तेवढ्यात सगळ्यांच्या माना वळल्या. धाकटी पाऊलवाटेनं वर येत होती. रोजचंच लुगडं, हात कोरडे, चेहरा दगड.

ती सरळ माझ्यापाशी आली आणि पातेलं माझ्या हातातून घेतलं. मी सोडलं. तिनं ते वाघोबापुढं ठेवलं. पानावर खीर वाढली, पाणी फिरवलं. सगळं रीतीनं केलं, पण पाया पडली नाही. नुसती बघत उभी राहिली. मला वाटलं आता ही ओरडेल, देवाला शिव्या देईल, आणि मनातून म्हटलं, दे बाई, दे. ती ओरडली नाही.

मग आयांनी नेहमीसारखी पोरांना पुढं ढकलली. पोरं ओळीनं उभी राहिली, कपाळं वर करून. शेंदराची वाटी देवापाशीच ठेवलेली. धाकटीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पहिल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "दिस बुडायच्या आत घरला यायचं." पोरानं मान हलवली. तिनं दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला. "दिस बुडायच्या आत घरला यायचं. वासरू ऱ्हायलं तरी ऱ्हाऊ दे." मागून एक म्हातारा पुटपुटला, "आगं, शेंदूर..." त्याच्या शेजारच्या बाईनं त्याचा हात दाबला. एकेक पोर पुढं येत होतं. ती प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून तेच सांगत होती, न कंटाळता, प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून. थोरली पोरं लाजत होती, बारकी पोरं घाबरून हो हो म्हणत होती. एका आईनं कडेवरचं तान्हं पुढं केलं, तर त्यालाही तेच सांगितलं. ती पाहुणी मुलगी तेव्हा कुठं होती, तिनं काय टिपलं, मला माहीत नाही. माझं तिकडं लक्षच नव्हतं.

ओळ संपली. शेवटचं पोर आईकडं पळालं. धाकटी मात्र जागची हलली नाही. तिचा हात तसाच पुढं होता, खाली तळवा करून, लहान पोराच्या डोक्याइतक्या उंचीवर, आणि ओठ हलत होते. तेच सांगत होती. मी जवळ गेले आणि तो हात माझ्या दोन्ही हातांत घेतला, तेव्हा कुठं ती रडली.