पाणी येतंय का?

माझे मामा बोट चालवताना मध्येमध्ये एकच प्रश्न विचारत. "मुततंय का?"

नाशिकच्या पश्चिमेला, धरणाच्या फुगवट्यापलीकडे त्यांची गाळपेर जमीन आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात ते काकडी, कारली, गवार लावतात. रस्त्याने वळसा घालून तिथं जायला पाऊण तास लागतो, बोटीने दहा मिनिटं. बोट पत्र्याची. तिच्या मागच्या फळीला अडकवलेलं इंजिन कोकणातल्या एका मच्छीमाराकडून आणलेलं, जुनं, एका सिलेंडरचं टू-स्ट्रोक. त्याच्या पाण्यात बुडालेल्या दांड्यात एक छोटा पंप असतो. तो धरणाचं पाणी वर खेचतो, सिलेंडरभोवती फिरवतो आणि मागच्या बारीक भोकातून धारेने बाहेर टाकतो. धार पडते आहे तोवर इंजिन थंड आहे. धार थांबली की ताबडतोब बंद करायचं. या धारेसाठी त्या काठावर सगळे तेच क्रियापद वापरतात.

मामांना मोतीबिंदू झाला होता. पलीकडचा काठ कळत असे, पण पाण्याच्या चकाकीत ती धार दिसत नसे. म्हणून शेजारी जो असेल त्याला ते विचारत. बहुतेक वेळा मामी असत. "मुततंय हो, तुम्ही पुढं बघा," त्या म्हणत.

मी नाशिकमध्ये एका वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. दुसऱ्यांच्या मजकुरातले शब्द बदलणं हे माझं काम. तीन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी माझे वरिष्ठ सहकारी आणि त्यांच्या पत्नी बोटीतून फिरायला येणार होते. ते यायच्या आधी मी मामांना बाजूला घेतलं.

"मामा, आज तो शब्द नको. पाहुणे आहेत."

"कोणता शब्द?"

"तोच. त्याऐवजी 'पाणी येतंय का' असं विचारा."

मामा हसले. "म्हंजे इंजिनानं बी आता शुद्ध बोलायचं. बरं, भाचे. तुम्ही पेपरवाले."

मामी त्या दिवशी घरी स्वयंपाकाला थांबल्या होत्या. मान म्हणून सहकाऱ्यांना मागे, मामांच्या शेजारी बसवलं. त्यांची पत्नी आणि मी पुढे होतो. निम्मं अंतर कापल्यावर मामांनी ठरल्याप्रमाणे विचारलं, "साहेब, पाणी येतंय का?"

सहकाऱ्यांनी पायांशी पाहिलं. बोटीच्या तळाशी नेहमी असतं तेवढं पाणी होतं. "हो, थोडं येतंय," ते म्हणाले आणि त्यांनी चपला उचलून मांडीवर घेतल्या.

"येऊ द्या. यायलाच पायजे."

मामांनी वेग वाढवला. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर मिळालं. मला दोन्ही वेळा सगळं ऐकू आलं. मी मागे वळून पाहिलं नाही. प्रश्न नीट मराठीत विचारला गेला याचं मला त्या वेळी समाधान वाटत होतं.

काठ जवळ आला तेव्हा आवाज जड झाला, जळक्या रंगाचा वास आला आणि इंजिन एका झटक्यात थांबलं. दोरी ओढली तर हलेना. दांडा वर उचलला, तर पाणी आत घेणाऱ्या जाळीवर एक प्लास्टिकची पिशवी घट्ट चिकटलेली होती. आम्ही वल्ही मारत परतलो. उतरताना सहकारी मला हसत म्हणाले, "तुमचे मामा धाडसी आहेत हं. बोटीत पाणी येतंय म्हणून सांगितलं, तर म्हणतात येऊ द्या."

काय झालं ते मला त्या क्षणी कळलं.

नाशिकमध्येच, द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत जुन्या स्कूटर दुरुस्त करणारे एक मिस्तरी आहेत. टू-स्ट्रोकचा हात आता फारशा कुणाला राहिलेला नाही. मामा पहाटे पंचवटीच्या बाजारात भाजी उतरवून रिक्षाने तिथं आले. मी इंजिन घेऊन आधीच पोचलो होतो. मिस्तरींनी हेड, म्हणजे सिलेंडरचं झाकण, उघडलं. झाकण आणि सिलेंडर यांच्यामधलं गॅस्केट एका बाजूने जळून काळं झालं होतं. पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून सिलेंडरच्या भिंतीला फासलं होतं, रिंगा खाचेतच चिकटल्या होत्या. पंपातलं रबरी चक्र कोरडं फिरून त्याची पाती गळाली होती.

"बाबा, हे मुतत नव्हतं," मिस्तरी म्हणाले. "कुणी बघितलं नाही का?"

"माझे डोळे गेलेत," मामा म्हणाले. "पाव्हणा बिचारा नवखा. त्याला काय कळणार?"

मिस्तरींनी माझ्याकडे पाहिलं. मी गॅस्केटचा तुकडा हातात घेऊन पाहत राहिलो.

काम महिनाभर चाललं. सिलेंडर सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथवाल्याकडे नेला. त्याने तो आतून किंचित मोठा करून दिला आणि त्या मापाचा पिस्टन बसवायचं ठरलं. पाण्याच्या वाटांमध्ये कोकणातलं मीठ दगडासारखं बसलं होतं. मिस्तरींनी ते व्हिनेगरमध्ये भिजवून तारेने कोरून काढलं. काचेवर पॉलिश पेपर ठेवून हेड सपाट घासलं. मी दर दोन दिवसांनी जात होतो, सुटे भाग शोधून आणत होतो. मामींना वाटे भाचा किती करतो. त्या महिन्यात काकडी रस्त्याने आणावी लागली आणि बरीचशी वेलावरच पिवळी पडली.

चाचणी मिस्तरींच्या दारात, पाण्याने भरलेल्या पिंपात झाली. मामांचा मुलगा, माझा मामेभाऊ, आला होता. तिसऱ्या ओढीला इंजिन धुराचा लोट सोडत सुरू झालं आणि भोकातून धार बाहेर पडली. मिस्तरी ओरडले, "बघा, कसं झकास मुततंय!"

"पाणी येतंय म्हणा," मामा म्हणाले. "आमचा भाचा पेपरात हाय."

सगळे हसले. मीही हसलो. मग मामांनी दोरीची मूठ मुलाच्या हातात दिली. "हिथून पुढं तू चालव. माझ्या भरवशावर बोट नको."

बोलायची जागा ती होती. आमच्याकडे चुकीचं छापलं गेलं तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती देतात, आणि ती चौकट मीच लिहितो. त्या दिवशी माझ्या तोंडून एवढंच निघालं, की नव्या पिस्टनला सुरुवातीला तेल थोडं जास्त लागेल.

मामा त्यानंतर बोटीत पुढे बसू लागले. गेल्या वर्षी त्यांची दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. आता ते पलीकडच्या काठावरचे बगळे मोजतात. तरी मागच्या फळीवर ते बसले नाहीत.

गेल्या महिन्यात काकडी आणायला मी त्यांच्यासोबत गेलो, तेव्हा सांगितलं. प्रश्न माझ्या शब्दांत विचारला गेला, पाहुण्यांनी बोटीतल्या पाण्याचं उत्तर दिलं, डोळ्यांचा त्यात काही दोष नव्हता. मी ते बातमी सांगावी तसं, क्रमाने सांगितलं. मामेभाऊ मागे ऐकत होता.

मामांनी एवढंच विचारलं.

"मंग तवाच का नाय बोललास?"

मी पुढ्यातली रिकामी पोती घडी करू लागलो.

"मला वाटलं, पाव्हण्याला मी बुडवलं असतं," ते म्हणाले. "लय दिवस तेच डोक्यात व्हतं."

मामेभावाने वेग कमी केला आणि जागेवरून अर्धवट उठून तो वडिलांना म्हणाला, "दादा, या मागं. तुम्ही घ्या."

मामांनी मागे वळून पाहिलं. इंजिनाकडे, धारेकडे. ती स्पष्ट पडत होती आणि आता त्यांना दिसतही होती.

"चालव तूच," ते म्हणाले. "आता हात बसलाय तुझा." आणि पुन्हा पुढे तोंड करून बसले.