चौथी नळी मी ओढली

कापसाचे दिवस सरले, वेचणीचं काम सुटलं, तेव्हा राळेगावकडच्या आम्ही तिघी, म्हणजे मी, माझी थोरली जाऊ आणि शेजारीण, लोहाऱ्याच्या एका लहानशा कारखान्यात लागलो. तिथं पॉलिस्टरच्या धाग्याच्या नळ्या विणत. करंगळीएवढ्या जाड, पांढऱ्याशुभ्र, चुण्याचुण्यांच्या. माणसाच्या पोटातली मोठी रक्ताची नळी खराब झाली की डॉक्टर तिच्या जागी ही शिवतात म्हणे. मला तर पहिल्यांदा परकराची नाडीच वाटली!

नळ्या किती टिकतात ते पाहायचं, हे आमचं काम. सहा नळ्या पंपाला जोडलेल्या. आतून कोमट पाणी ठोके देत धावायचं, हृदयापेक्षा कितीतरी जलद. वर्षांचे ठोके महिन्यांत उरकायचे. धप धप धप. अजून कानात आहे तो आवाज, खोटं नाही सांगत.

दर सोमवारी पंप थांबवून पाणी बदलायचो. एकदा चौथी नळी हातात आली आणि माझे अंगठे आपोआप चालले. कापसाची चिमूट दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, धागा किती लांब ते पाहायचं, ही जन्माची सवय. ओढली, आणि चुण्या सपाट! नळी कामातून गेली.

कुणी पाहिलं नव्हतं. बोलले तर तीन महिन्यांची मेहनत पाण्यात आणि कामही जाणार. न बोलले तर निकाल खोटा, आणि त्या निकालावर लोकांच्या पोटात नळ्या शिवणार. डबा झाकला, उठले, साहेबांपुढे गेले.

"साहेब, चौथी नळी म्या ओढली जी."

साहेब आपल्याच भागातले. "काहून?"

"धागा पाह्यला."

त्यांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात मागून जाऊ म्हणाली, "दुसरी म्या ओढलती, मागच्या सोमवारी."

"माय वं!" शेजारीण ओरडली, "मले वाटलं मी एकटीच!" तिनं तर दोन ओढल्या होत्या.

"पंप तरी सोडला का तुमी?" साहेब म्हणाले, आणि त्यांनाच हसू फुटलं.

सहाही नळ्या काढून नव्या जोडल्या, ठोक्यांचा आकडा पुन्हा शून्यावर आला. काम मात्र राहिलं. "सांगनाऱ्या बाया पाहिजेत मले," एवढंच बोलले. वर नवा नियम: एकीनं नळी सोडवायची, दुसरीनं तिच्या अंगठ्यांवर नजर ठेवायची. माझ्यावर नजर जावेची होती. तिच्यापुढे अंगठा हलवायची बिशाद नव्हती, बाप्पा!