अप्पांसाठी डिकीवाली गाडी

मला काळजी करायला कारण लागत नाही, पण त्या वर्षी कारणही होतं. आईला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डावा हात-पाय अजून साथ देत नव्हता आणि आठवड्यातून दोनदा तिला मिरजगावहून नगरला व्यायामासाठी आणावं लागे. एसटीच्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या. भाड्याची जीप मिळे, पण तीही उंच. आईला आत घ्यायला दोघं लागत, एक ओढायला आणि एक ढकलायला. "पोतं हाय का मी?" असं ती एकदा चिडून म्हणाली, आणि त्याच दिवशी अप्पांचा मला नगरला फोन आला.

"सेकंडहँड गाडी बघायची. डिकीवाली. बुटकी पायजे, तुझी आई सुखानं बसली पायजे. डिकीत व्हीलचेअर मावली पायजे. अन् चालवायला मी हायेच."

शेवटच्या वाक्याने माझी काळजी सुरू झाली. अप्पा म्हणजे माझे वडील, वय एकाहत्तर. तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते आणि गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नाही, हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतात. पण निवृत्त होऊन आता बारा-तेरा वर्षं झाली होती. त्यात आमचा सोलापूर रस्ता. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या दोन-दोन जोडून निघतात, मागे लाल दिवा असला तर नशीब. मी रोज अंघोळ करताना, भाजी चिरताना, मनातल्या मनात अप्पांना एका तरी ट्रॉलीखाली घालत होते. मला भाऊ-बहीण नाही, त्यामुळे काळजी वाटून घ्यायलाही कुणी नव्हतं.

"तुम्ही चालवू नका" असं त्यांच्या तोंडावर म्हणायची माझी टाप नव्हती. म्हणून मी पळवाट काढली. गाडीच पसंत पडू द्यायची नाही, असं ठरवलं.

तसं करायला फार कष्ट पडले नाहीत. पहिली गाडी बाहेरून चकचकीत होती, पण दाराच्या रबराखाली वेगळाच रंग होता. म्हणजे कुठेतरी जबरदस्त ठोकलेली. दुसरीचं मीटर फारच कमी दाखवत होतं. अप्पांनी वाकून ब्रेकच्या पेडलवर बोट फिरवलं. रबर पार गुळगुळीत झालं होतं. "मीटर खोटं बोलंल, पेडल कसं बोलंल?" असं म्हणून ते दलालाकडे न बघताच बाहेर पडले. तिसरीला मीच नाव ठेवलं, सीट खोल आहे म्हणून. खरं तर ती चांगली होती.

असे दोन महिने गेले. जीप मिळेल तसा आईचा व्यायाम व्हायचा, एरवी बुडायचा. ते मला दिसत होतं, आणि तरी प्रत्येक गाडी नापास झाली की मला हायसं वाटायचं. हे लिहितानाही लाज वाटते.

चौथी गाडी नगरातच एका निवृत्त गृहस्थांच्या अंगणात उभी होती. पांढरी, एकहाती वापरलेली. सर्व्हिसिंगचे कागद त्यांनी फाईलला नीट लावून ठेवले होते. अप्पांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू करायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

"टॅपेट जरा वाजत्यात. बाकी इंजिन खणखणीत हाय."

मालक चकित झाले. गेल्याच आठवड्यात त्यांचा मेकॅनिक अगदी हेच म्हणाला होता. मग अप्पांनी मागचं दार उघडलं, स्वतःचा धडधाकट डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला आणि आई बसते तसं बसून बघितलं. उतरूनही बघितलं, तसंच. मला गलबलून आलं. आता या गाडीला काय नाव ठेवणार?

चक्कर मारायला निघालो. वळणं ते बससारखी ऐसपैस घेत होते, पण हात स्थिर होता आणि ब्रेक वेळेवर लागत होता. मी रस्ता कमी आणि त्यांनाच जास्त बघत होते. कोपऱ्यावरून एक दुचाकीवाला आडवा आला तेव्हा मी सीट घट्ट धरली, पण अप्पांनी माझ्याआधी त्याला बघितलं होतं. परत येईपर्यंत मला वाटायला लागलं, की मीच मेली उगाच रडतराऊत.

अंगणात गाडी उलटी लावायची होती. "आरशात बघा," मी म्हणाले.

"आरशात काय दिसतंय? मागं मानूस पायजे. उतर."

एसटी मागे घेताना कंडक्टर उतरून मागे जातो. ड्रायव्हर त्याच्या भरवशावर मागे येत राहतो आणि शिट्टी वाजली की जागच्या जागी थांबतो. तीस वर्षं अप्पांनी गाडी अशीच मागे घेतली होती. मी शाळेत खेळ शिकवते, त्यामुळे शिट्टी माझ्या पर्समध्ये कायम असते. ती घेऊन मी भिंतीला पाठ लावून गाडीच्या बरोबर मागे उभी राहिले. कंडक्टर बाजूला उभा राहतो, मधे नाही, हे मला कुठून माहीत असणार?

"येऊ का?"

"या!" मी ओरडले.

गाडी मागे आली. दोन हात अंतर राहिलं तेव्हा मी शिट्टी मारली. गाडी येतच राहिली. मी गाल दुखेपर्यंत शिट्टी फुंकली आणि शेवटी बाजूला उडी टाकली. बंपर एक कुंडी फोडून भिंतीला टेकला आणि गाडी थांबली.

अप्पा उतरले. "शिट्टी का न्हाई मारली?"

ओट्यावर मालक उभे होते. त्यांनी कानांवरचे हात अजून काढले नव्हते. अप्पांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"परत मार," असं म्हणून ते फाटकाकडे तोंड करून उभे राहिले.

मी मारली. शेजारच्या गच्चीतून एक बाई डोकावल्या. अप्पा पाठमोरे तसेच उभे होते.

"मार की," ते म्हणाले.

मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "मारली, अप्पा."

ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "इंजिन तर ऐकू येतंय मला. तुझं बोलनं येतंय." मग त्यांनी विचारलं, "तुझ्या आईचं बोलनं तुला नीट ऐकू येतं?"

"येतं की."

"बारीक न्हाई झालं?"

"नाही. पहिल्यासारखंच आहे."

ते ओट्यावर बसले. "मला वाटलं, झटक्यात तिचा आवाज गेला. रोज सकाळी मी तिला शंभरपर्यंत आकडे म्हनायला लावतो, मोठ्यानं. दमली तरी सोडत न्हाई. रागावतो बी."

बारीक, टोकदार आवाज तेवढे त्यांच्या कानांना येईनासे झाले होते. किल्ली त्यांनी स्वतःच माझ्या हातात दिली. गाडी पुढे आम्ही तीच घेतली. मी चालवायला शिकले, आणि अप्पा आता बाजूला बसून माझ्या चुका काढतात. पण त्या दिवशी आम्ही एसटीने मिरजगावला गेलो.

आई खाटेवर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. तिला काही नवल वाटलं नाही.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं. "मग बोलली का नाहीस?"

"मी मोठ्यानं आकडे म्हनले की लई खूश व्हायचे गं. त्यांना वाटायचं, मी बरी व्हायला लागली."

"काय म्हनती ती?" अप्पांनी मला विचारलं.

मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. अप्पा उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.